वायली, गीशी

वायली, गीशी : अमेरिकेतील ग्रामीण ब्लूज परंपरेतील कृष्णवर्णीय गायिका व गिटारवादक. खरे नाव लिली मे. तिचे ध्वनिमुद्रित कार्य एल्व्ही थॉमस या सहवादिकेसह केलेल्या तीन तबकड्यांत, म्हणजे एकूण सहा गीतांत सामावले असून, एवढ्या तोकड्या ऐवजावर ब्लूजच्या इतिहासात अढळ स्थान मिळवणारे कलावंत फार थोडे आहेत.

या तबकड्या काढणारी पॅरामाउंट कंपनी ही विस्कॉन्सिनमधील खुर्च्या बनविणाऱ्या एका कारखान्याची शाखा होती व कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढलेल्या तबकड्या, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘रेस रेकॉर्ड्स’, हा तिचा मोठा व्यवसाय होता. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात वाजवणाऱ्या या दोघींना १९३० मध्ये कंपनीच्या ग्राफ्टन येथील ध्वनिमुद्रणगृहात नेण्यात आले; मात्र महामंदीमुळे तबकड्या फारशा खपल्या नाहीत आणि पुढे कंपनीचे मूळ धातूचे साचेही मोडीत गेल्यामुळे, आज ही गीते जुन्या लाखेच्या तबकड्यांच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या प्रतींवरूनच, त्यांच्या खरखरीसकट ऐकावी लागतात.

‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’ हे वायलीचे सर्वांत महत्त्वाचे गीत होय. ब्लूजचा रूढ साचा बारा मापांचा असून त्यात पहिली ओळ दोनदा गाऊन तिसऱ्या ओळीने कडवे मिटवतात. येथे मात्र बहुतेक कडवी दोनच ओळींची आहेत, आणि गिटारची सुरावट उदास, कोमल स्वरांतून सुरू होऊन मध्येच उजळ स्वरांकडे वळत असल्याने गाणे एका जागी स्थिर होत नाही. पहिल्या महायुद्धावर निघालेल्या पुरुषाचे अखेरचे बोल त्यात येतात : मेलो तर मला पुरू नका, गिधाडांना खाऊ द्या. एवढे भीषण मागणे वायली आवाज जराही न चढवता गाते, आणि गीताचा परिणाम मुख्यतः या संयमातच आहे.

दोघींच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे संशोधक मॅक मकॉर्मिक यांनी १९६१ मध्ये ह्यूस्टनमध्ये घेतलेली थॉमसची मुलाखत. तोवर ती ब्लूज सोडून चर्चच्या सेवेत रमली होती. ‘एल्. व्ही.’ हेच तिचे खरे नाव असून तबकडीवरील ‘एल्व्ही’ हे कंपनीने केलेले त्याचे रूप, हेही या मुलाखतीतून कळले. जॉन जेरेमाया सलिव्हन यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात या मुलाखतीचा तपशील प्रकाशात आणला. त्याबरोबरच वायलीचा पती थॉर्नटन याचा १९३१ मध्ये चाकूच्या वाराने मृत्यू झाल्याची व तो वार लिली मे हिने केल्याची मृत्युदाखल्यातील नोंदही पुढे आली. त्यानंतर बऱ्याच लेखनात तिच्या संगीताऐवजी या खुनाचीच चर्चा अधिक झाली, हे योग्य म्हणता येत नाही.

टेरी झ्वायगॉफ यांच्या ‘क्रम्ब’ (१९९४) या माहितीपटामुळे ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’ हे गीत नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले आणि रिॲनन गिडन्स यांनी २०१५ मध्ये ते नव्याने गायले. सहा गीतांपैकी ‘मदरलेस चाइल्ड ब्लूज’सह दोन गीतांत मुख्य गायन थॉमसचे आहे, म्हणून सहाही गीते एकट्या वायलीच्या नावावर मांडणे चुकीचे ठरते.