कूटचलन विनिमयकेंद्रे : ठेवींची गोठवणूक व विश्वासार्हता

बिटकॉइन, इथर यांसारख्या कूटचलनांची आपसांत अथवा रुपया, येन, डॉलर अशा वैध चलनांशी खरेदी-विक्री घडवून आणणाऱ्या खाजगी संस्थांना कूटचलन विनिमयकेंद्रे म्हणतात. ग्राहक या केंद्रांकडे पैसे किंवा कूटचलन जमा करतो आणि केंद्र त्याच्या नावे तेवढी नोंद आपल्या वहीत करते. ही जमा परत देणे केंद्राने एकाएकी थांबविले, म्हणजे ठेवी गोठविल्या असे म्हणतात. २०११ नंतरच्या काळात अशा घटना जपान, कॅनडा, न्यूझीलंड, अमेरिका, भारत आदी देशांत वारंवार घडल्या. त्यांतून या केंद्रांवरील लोकांचा विश्वास डळमळला आणि ग्राहकाच्या खात्यातील कूटचलन कायद्याने कोणाचे, हा मूलभूत प्रश्न न्यायालयांपुढे आला.

स्वरूप : सातोशी नाकामोतो हे टोपणनाव धारण करणाऱ्या व्यक्तीने किंवा गटाने ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनची कल्पना एका निबंधाद्वारे मांडली व जानेवारी २००९ मध्ये ते प्रत्यक्ष चालू झाले. बँक अथवा अन्य मध्यस्थावर विसंबून न राहता दोन व्यक्तींना परस्परांत पैशाची देवघेव करता यावी, हा त्यामागील हेतू होता. सर्व व्यवहार अनेक संगणकांवर एकाच वेळी राखलेल्या सार्वजनिक खतावणीत नोंदले जातात. नाणे हस्तांतरित करण्याचा अधिकार एका गुप्त किल्लीवर, म्हणजे दीर्घ सांकेतिक संख्येवर, अवलंबून असतो. किल्ली ज्याच्या हाती, त्याचाच नाण्यावर ताबा. ती हरवली तर नाणे कायमचे अडकते आणि चोरीस गेली तर झालेला व्यवहार उलटविता येत नाही.

किल्ली स्वतः सांभाळणे सामान्य माणसास अवघड वाटते. शिवाय नाणी विकत घेण्यासाठी व विकण्यासाठी बाजार लागतोच. ही गरज विनिमयकेंद्रांनी भागविली. परंतु त्यासाठी त्यांनी ग्राहकांच्या किल्ल्या आपल्याकडे घेतल्या. ग्राहकास पडद्यावर दिसते ती नाण्यांची शिल्लक नसून केंद्राच्या खाजगी वहीतील नोंद असते. केंद्रात चालणारी बहुतेक खरेदी-विक्री सार्वजनिक खतावणीत उमटतही नाही. अशा रीतीने मध्यस्थ वगळण्यासाठी निर्माण झालेल्या चलनाभोवती मध्यस्थांचीच एक नवी, प्रारंभी जवळजवळ अनियंत्रित अशी व्यवस्था उभी राहिली. शेअर बाजारात सौदे जुळविणे, रोखे सांभाळणे, उसनवारी व स्वतःच्या नावे व्यापार ही कामे सामान्यतः वेगवेगळ्या संस्था करतात. येथे ती एकाच छपराखाली आली.

माउंट गॉक्स : या व्यवस्थेतील दोष प्रथम मोठ्या प्रमाणावर टोकिओत उघड झाले. जेड मॅकलेब या अमेरिकी संगणकतज्ञाने पत्त्यांच्या एका खेळातील पत्त्यांच्या देवघेवीसाठी घेतलेल्या संकेतस्थळाचे रूपांतर २०१० मध्ये बिटकॉइनच्या बाजारात केले आणि २०११ मध्ये ते मार्क कार्पेलेस या फ्रेंच गृहस्थास विकले. २०१३ च्या सुमारास जगातील बिटकॉइन-व्यवहारांपैकी सु. ७० टक्के व्यवहार या एकाच केंद्रात होत. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्राने तांत्रिक अडचणीचे कारण देऊन बिटकॉइन परत देणे थांबविले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्व व्यवहार बंद पडले आणि २८ फेब्रुवारीस संस्थेने टोकिओच्या न्यायालयाकडे नादारीविरुद्ध संरक्षण मागितले. ग्राहकांची सु. ७,५०,००० व स्वतःची सु. १,००,००० बिटकॉइन नाहीशी झाल्याचे तिने सांगितले. पुढे सु. २,००,००० नाणी एका जुन्या वॉलेटमध्ये सापडली. आपल्याजवळ किती मत्ता आहे याचा हिशेब खुद्द संस्थेलाच नव्हता, हे यावरून दिसून आले. कार्पेलेस यास २०१९ मध्ये न्यायालयाने अफरातफरीच्या आरोपातून मुक्त केले. मात्र संगणकीय नोंदींत फेरफार केल्याबद्दल दोषी ठरवून स्थगित कारावासाची शिक्षा दिली.

या प्रकरणी एक अनपेक्षित पेच उद्भवला. जपानी नादारी कायद्यानुसार धनकोंचे दावे २०१४ च्या भावाने येनमध्ये ठरले होते. त्यानंतर बिटकॉइनचा भाव इतका चढला, की उरलेल्या नाण्यांची किंमत सर्व दाव्यांच्या बेरजेहून अधिक झाली. कायद्याचे शब्दशः पालन केले असते, तर वरकड रक्कम बुडालेल्या संस्थेच्या भागधारकांकडे, म्हणजे मुख्यतः कार्पेलेसच्याच कंपनीकडे, गेली असती. धनकोंनी मागणी केल्यावरून जून २०१८ मध्ये न्यायालयाने नादारीची कार्यवाही थांबवून दिवाणी पुनर्वसनाची कार्यवाही सुरू केली. त्यामुळे धनकोंना नाण्यांच्या रूपात परतफेड मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ती परतफेड जुलै २०२४ मध्ये, म्हणजे ठेवी गोठल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने, सुरू झाली.

गोठवणुकीची कारणे : ठेवी गोठण्याच्या घटनांमागे स्थूलमानाने तीन कारणे आढळतात. पहिले, बाहेरून झालेली चोरी. जानेवारी २०१८ मध्ये जपानमधील कॉइनचेक या केंद्रातून सु. ५,८०० कोटी येन किंमतीची ‘नेम’ नाणी चोरीस गेली. ती इंटरनेटशी सतत जोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवलेली होती. या केंद्राने मात्र स्वतःच्या निधीतून ग्राहकांची भरपाई केली.

दुसरे कारण म्हणजे आतील लबाडी. कॅनडातील क्वाड्रिगासीएक्स या केंद्राचा संस्थापक जेरल्ड कॉटन हा डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावला. किल्ल्या केवळ त्यालाच ठाऊक असल्याने नाणी अडकली, असे प्रथम सांगण्यात आले. केंद्राकडे सु. ७६,००० ग्राहकांचे एकूण २१.५ कोटी कॅनेडियन डॉलर येणे होते. ऑंटॅरिओ रोखे आयोगाच्या २०२० च्या अहवालाने वेगळेच चित्र समोर आणले. कॉटनने बनावट खात्यांत खोट्या रकमा जमा दाखवून ग्राहकांशी व्यापार केला होता आणि जुन्या ग्राहकांची देणी नव्या ग्राहकांच्या पैशांतून भागविली होती. किल्ल्या हरविण्यापूर्वीच बहुतेक मत्ता संपलेली होती.

तिसरे कारण ग्राहकांची मत्ता परस्पर उसनी देणे किंवा सट्ट्यात गुंतविणे हे होय. मे २०२२ मध्ये टेरा-लूना ही नाणी कोसळल्यावर त्याची झळ अनेक संस्थांना लागली. आकर्षक व्याज देऊन नाण्यांच्या ठेवी घेणाऱ्या सेल्सियस या अमेरिकी संस्थेने १२ जून २०२२ रोजी सर्व परतफेडी थांबविल्या आणि महिन्याभरात नादारीचा अर्ज केला. तिचा संस्थापक ॲलेक्स मॅशिन्स्की यास मे २०२५ मध्ये बारा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

एफटीएक्स : विश्वासाला सर्वांत मोठा धक्का नोव्हेंबर २०२२ मध्ये बसला. सॅम बँकमन-फ्रीड याने २०१९ मध्ये स्थापन केलेले व पुढे बहामा बेटांवरून चालविले जाणारे एफटीएक्स हे केंद्र जगातील अग्रगण्य केंद्रांत गणले जाई. अलामेडा रिसर्च ही त्याच मालकाची व्यापारी पेढी. तिच्या मत्तेचा मोठा भाग एफटीएक्सनेच काढलेल्या नाण्यांचा असल्याचे वृत्त २ नोव्हेंबर रोजी प्रसिद्ध झाले. आपल्याजवळची ती नाणी विकून टाकण्याचा मनोदय ६ नोव्हेंबर रोजी बायनॅन्स या प्रतिस्पर्धी केंद्राने जाहीर केला. त्यानंतर तीन दिवसांत ग्राहकांनी सु. ६०० कोटी डॉलर परत मागितले. ८ नोव्हेंबरला परतफेड थांबली व ११ नोव्हेंबरला नादारीचा अर्ज दाखल झाला. ग्राहकांचे सु. ८०० कोटी डॉलर अलामेडाकडे वळविण्यात आले होते. बँकमन-फ्रीड यास मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेनुसार बहुसंख्य धनकोंना त्यांच्या दाव्याच्या शंभर टक्क्यांहून अधिक रक्कम मिळावयाची होती. तथापि दाव्यांचे मूल्य अर्जाच्या दिवशीच्या भावाने धरले होते. त्या दिवशी बिटकॉइनचा भाव सतरा हजार डॉलरच्या आत होता, तर योजना मंजूर होताना तो साठ हजारांच्या वर होता. त्यामुळे कागदावर पूर्ण परतफेड होऊनही, ज्याने नाणी ठेवली होती त्याला तेवढी नाणी परत मिळाली नाहीत. जपानमधील शाखेच्या ग्राहकांची स्थिती मात्र वेगळी होती. माउंट गॉक्स व कॉइनचेक प्रकरणांनंतर जपानने एप्रिल २०१७ पासून केंद्रांची नोंदणी आणि पुढे ग्राहकांची मत्ता वेगळी व बहुतांशी इंटरनेटपासून अलग ठेवणे सक्तीचे केले होते. परिणामतः जपानी ग्राहकांना फेब्रुवारी २०२३ पासूनच आपली मत्ता काढून घेता आली.

मालकीचा प्रश्न : गोठलेल्या नाण्यांविषयी न्यायालयांनी दिलेले निर्णय एकसारखे नाहीत. न्यूझीलंडमधील क्रिप्टोपिया हे केंद्र जानेवारी २०१९ मधील चोरीनंतर अवसायनात गेले. एप्रिल २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने कूटचलन ही मालमत्ता असून केंद्र ती ग्राहकांसाठी न्यास म्हणून धारण करीत होते, असा निर्णय दिला. न्यासातील मत्ता इतर धनकोंमध्ये वाटता येत नाही. ती ग्राहकांचीच राहते. उलट, जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या नादारी न्यायालयाने सेल्सियसच्या व्याज देणाऱ्या खात्यांतील सु. ४२० कोटी डॉलरची मत्ता संस्थेच्या मालकीची ठरविली; कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींत मालकी हस्तांतरित होत असल्याचे नमूद होते. सु. ६,००,००० खात्यांचे धारक त्यामुळे मालक न राहता विनातारण धनको बनले. तात्पर्य, ग्राहकाचे भवितव्य तंत्रापेक्षा करारातील कलमांवर आणि स्थानिक कायद्यावर अवलंबून असते.

बँकेच्या ठेवीशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. बँकेतील ठेवीदारही कायद्याने धनकोच असतो. परंतु त्याच्यामागे नियंत्रक, मध्यवर्ती बँक व ठेवविमा उभे असतात. भारतात ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख रुपये करण्यात आली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांचे अतोनात हाल झाले; तरीही निर्बंध घालणारी व पुढील योजना आखणारी एक वैधानिक संस्था तेथे होती. विनिमयकेंद्र मात्र बहुधा स्वतःच्याच निर्णयाने दार बंद करते आणि कधी उघडणार हेही स्वतःच सांगते.

भारतातील स्थिती : रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना कूटचलनाशी संबंधित सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरविले. १ एप्रिल २०२२ पासून अशा मत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला आणि मार्च २०२३ मध्ये केंद्रांना आर्थिक अपहार प्रतिबंधक कायद्याखाली आणण्यात आले. कर व देखरेख अशी आली, तरी ग्राहकांच्या मत्तेचे संरक्षण हा विषय मागेच राहिला.

मुंबईत २०१८ मध्ये सुरू झालेल्या वझीरएक्स या केंद्राच्या प्रकरणी या उणिवेचा प्रत्यय आला. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका वॉलेटमधून सु. २३.५ कोटी डॉलरची, म्हणजे सु. दोन हजार कोटी रुपयांची, नाणी चोरीस गेली. एकूण मत्तेच्या सु. ४५ टक्के इतका हा भाग होता. या वॉलेटमधील व्यवहारास अनेकांच्या स्वाक्षऱ्या लागत. तरीही चोरी टळली नाही. अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मधील संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. केंद्राने परतफेडी थांबविल्या. तोटा सर्व ग्राहकांत वाटून घेण्याच्या प्रस्तावास, ज्यांची नाणी चोरीस गेलीच नव्हती त्यांनी तीव्र विरोध केला. केंद्राशी संबंधित मूळ कंपनी सिंगापूरची असल्याने पुनर्रचनेची कार्यवाही तेथील उच्च न्यायालयात चालली. पहिली योजना जून २०२५ मध्ये नाकारली गेली. सुधारित योजना ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली व त्याच महिन्यात व्यवहार पुन्हा सुरू झाले. भारतातील लक्षावधी ग्राहकांना आपल्या मत्तेचा निर्णय परदेशी न्यायालयाकडून येईपर्यंत सु. पंधरा महिने वाट पाहावी लागली. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने याच केंद्राच्या एका ग्राहकाच्या अर्जावर कूटचलन ही न्यास म्हणून धारण करता येण्याजोगी मालमत्ता असल्याचे मत नोंदवून तिला अंतरिम संरक्षण दिले.

उपाययोजना : एफटीएक्सच्या पतनानंतर अनेक केंद्रे आपल्याजवळील मत्तेचा पुरावा प्रसिद्ध करू लागली. त्यातून नाणी अमुक दिवशी होती एवढे कळते. ती उसनी आणलेली आहेत काय, किंवा केंद्राची एकूण देणी किती, हे कळत नाही. म्हणून देण्यांसह स्वतंत्र लेखापरीक्षण, ग्राहकांची मत्ता अलग ठेवणे, ती उसनी देण्यास मनाई आणि नादारीत तिला न्यासाचा दर्जा, असे उपाय सुचविले जातात. यूरोपीय संघाचे कूटमत्ताविषयक नियम केंद्रांना ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाले व त्यांत मत्ता वेगळी ठेवण्याचे बंधन आहे. पुरेसे भांडवल व तत्परता यांचेही महत्त्व फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसून आले. बायबिट या केंद्रातून सु. १५० कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली, तरी त्याने परतफेड चालू ठेवली. चोरी होऊनही ठेवी गोठल्या नाहीत. विश्वास टिकला तो यामुळेच.

नाण्यांची सुरक्षितता गणितावर आधारलेली आहे. केंद्रांची सुरक्षितता मात्र हिशेब, कायदा व प्रामाणिकपणा या जुन्याच गोष्टींवर अवलंबून आहे. वर नमूद केलेल्या घटनांत बिटकॉइनची मूळ खतावणी कोठेही चुकली नाही. कमी पडली ती तिच्याभोवती उभारलेली पेढी. ग्राहकाने ठेवलेले नाणे त्याचेच राहील, हे तत्त्व जेथे कायद्याने आधीच घालून दिले होते, तेथे ग्राहकाचे नुकसान तुलनेने लवकर भरून निघाले. इतरत्र ते ठरविण्यातच वर्षे गेली.