पहिली शॉटगन कशी निवडतात? अमेरिकेतल्या पक्षी-शिकाऱ्यांचे हिशेब समजून घ्या

११ फेब्रुवारी २००६. टेक्सासमधल्या एका रँचवर लाव्यांची शिकार चालू होती. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी उडालेल्या पक्ष्यामागे बंदूक फिरवत वळले आणि त्यांनी चाप ओढला. छर्रे लागले ते सोबत आलेल्या ७८ वर्षांच्या हॅरी व्हिटिंग्टन या वकिलांना, चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर. चेनींच्या हातात २८ बोअरची बंदूक होती, म्हणजे शॉटगनच्या लहान मापांपैकी एक. व्हिटिंग्टन वाचले, पण एक छर्रा हृदयापाशी गेल्याने त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला.

पहिली बंदूक घ्यायला निघालेला माणूस बहुधा विचारतो, "सगळ्यात चांगली कोणती?" जाणकार शिकारी उलट विचारतात, "कोणता पक्षी, किती अंतर, किती चाल आणि हातात घेणारा कोण?" या चार प्रश्नांच्या उत्तरांवरच बंदूक ठरते.

अपलँड हंटिंग म्हणजे काय?

बदकांची शिकार पाण्याकाठी दबा धरून होते. त्याउलट माळ, शेताचे बांध, झुडपं आणि डोंगरउतारांवर चालत जाऊन पक्षी उठवायचे, याला अमेरिकेत 'अपलँड हंटिंग' म्हणतात. सोबत बहुतेकदा कुत्रा असतो. तो वासावरून पक्षी शोधतो, पक्षी फडफडत उडतो आणि शिकाऱ्याला बंदूक खांद्याला लावायला दोन-तीन सेकंद मिळतात.

यातला सर्वात लोकप्रिय पक्षी फेजंट. तो मूळचा अमेरिकेचा नाही. शांघायमधले अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२ च्या सुमारास चीनमधून ओरेगॉनला पाठवलेले फेजंट तिथे रुजले. पुढे तो इतका आपला झाला की साउथ डकोटाने त्याला राज्यपक्षी केलं. दक्षिणेत बॉबव्हाइट लावा, उत्तरेच्या दाट झाडीत ग्राउझ आणि पश्चिमेच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर चकोर मिळतो. आपल्या काव्यात चांदणं पिणारा हा चकोर आशियातून, भारतीय उपखंडातूनही, तिकडे नेऊन सोडला गेला.

उडत्या पक्ष्यावर रायफलची एक गोळी लागणं जवळपास अशक्य, आणि चुकलेली गोळी फार दूर जाते. म्हणून इथे शॉटगन वापरतात. तिच्या काडतुसात शेकडो बारीक छर्रे असतात आणि ते पसरत जातात.

बोअरचा आकडा उलटा का चालतो?

'बारा बोअर' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही, पण त्याचा अर्थ क्वचितच ठाऊक असतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाचे १२ सारखे गोळे केले, तर एका गोळ्याचा जो व्यास येईल तो १२ बोअर नळीचा व्यास. २० गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होतो, म्हणून २० बोअरची नळी अरुंद. आकडा वाढला की नळी लहान होते.

१२ बोअर : नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, शिकारीच्या काडतुसात साधारण ३२ ते ३५ ग्रॅम छर्रे.

२० बोअर : सुमारे १५.६ मिलिमीटर, साधारण २५ ते २८ ग्रॅम छर्रे.

२८ बोअर : सुमारे १४ मिलिमीटर, साधारण २१ ग्रॅम छर्रे.

.४१० : हा अपवाद. हा आकडा थेट इंचातला व्यास आहे, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर.

नवशिक्यासाठी निवड बहुधा १२ आणि २० मध्ये होते. १२ बोअरची काडतुसं सगळीकडे आणि सर्वाधिक प्रकारांत मिळतात. फेजंटपासून बदकापर्यंत सगळ्याला ती चालते. २० बोअरची बंदूक सहसा अर्धा किलोच्या आसपास हलकी असते. लावा, ग्राउझ आणि जवळच्या फेजंटला ती पुरते.

घरात मुलाला किंवा बारीक चणीच्या व्यक्तीला 'छोटी आहे, सोपी जाईल' म्हणून .४१० देण्याची चूक अनेक जण करतात. प्रत्यक्षात ती तरबेज हातांची बंदूक आहे. छर्रे थोडे असल्याने नेम जरा चुकला की पक्षी जखमी होऊन झुडपात पडतो आणि सापडत नाही. शिकारीत ही सर्वात लाजिरवाणी गोष्ट मानली जाते. त्यामुळे कमी धक्का हवा असेल तर २० बोअर आणि हलकी काडतुसं हा मार्ग बरा.

दुनळी, पंप की सेमी-ऑटो?

दुनळी दोन प्रकारची असते. एकीत नळ्या शेजारी-शेजारी असतात, दुसरीत एकावर एक. दोनच बार मिळतात, पण दोन्ही नळ्यांना वेगवेगळा चोक ठेवता येतो : जवळच्या पक्ष्याला एक, दूर गेलेल्याला दुसरी. सर्वात मोठा फायदा सुरक्षिततेचा. दुनळी मधून उघडली की नळ्या रिकाम्या आहेत हे दहा पावलांवरच्या सोबत्यालाही दिसतं. कुंपण ओलांडताना याची किंमत कळते. मात्र चांगली दुनळी महाग पडते.

पंप-ॲक्शनमध्ये नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरलं जातं. ही स्वस्त, दणकट आणि धूळ-पाऊस सोसणारी. १९५० साली आलेली रेमिंग्टन ८७० ही अमेरिकेतल्या सर्वाधिक खपलेल्या शॉटगनपैकी एक आहे. पंपचा तोटा हा की पहिल्या बारानंतर मूठ ओढायची विसरते. सराव हाच त्यावर उपाय.

सेमी-ऑटो प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस स्वतः भरते. बाराचा काही वायू वापरून चालणाऱ्या बंदुकांत खांद्याला बसणारा धक्काही सौम्य वाटतो. पण साफसफाई जास्त लागते, आणि बंदूक भरलेली आहे की रिकामी हे दुरून कळत नाही.

कमी बजेट असेल तर वापरलेला चांगला पंप हा वाईट सौदा नाही. तुर्कस्तानात बनलेल्या स्वस्त दुनळ्यांनीही अलीकडे बाजारात जागा केली आहे. मात्र जुनी दुनळी घेताना नळ्यांना पोचे आहेत का, बिजागर सैल आहे का हे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घेतात.

चोक : नळीच्या टोकाचा नळ

बागेच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, सोडला की पाणी पसरतं. नळीच्या टोकाशी असलेला किंचित अरुंद भाग, म्हणजे चोक, छर्‍यांच्या बाबतीत साधारण असंच काम करतो. तो मोजायची रूढ पद्धत अशी : ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ३० इंचांचं वर्तुळ आखून त्यात किती टक्के छर्रे लागले ते मोजायचे.

सिलिंडर : सुमारे ४० टक्के

इम्प्रूव्हड सिलिंडर : सुमारे ५० टक्के

मॉडिफाइड : सुमारे ६० टक्के

फुल : सुमारे ७० टक्के

नवशिक्याला वाटतं, जितका आवळ चोक तितकी बंदूक 'पॉवरफुल'. होतं उलट. दाट झाडीतला ग्राउझ १५-२० यार्डांवर उठतो. तिथे फुल चोकमधून निघालेला छर्‍यांचा पुंजका इतका लहान असतो की नेम चुकायचीच शक्यता जास्त, आणि लागलाच तर खाण्यासारखं काही उरत नाही. म्हणून लावा-ग्राउझला सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर, तर उघड्या माळावरच्या फेजंटला मॉडिफाइड. आजच्या बहुतेक बंदुकांत चोक बदलता येतात, त्यामुळे एकाच नळीत दोन्ही सोय होते.

छर्‍यांचा आकडाही उलटाच : नंबर मोठा, छर्रा बारीक. फेजंटला ५ किंवा ६ नंबर, लाव्याला साडेसात किंवा ८ नंबर ही रूढ निवड. ६ नंबरचा शिशाचा छर्रा सुमारे २.८ मिलिमीटरचा असतो, ८ नंबरचा सुमारे २.३.

शिसं विषारी असल्याने अमेरिकेत बदकांच्या शिकारीत त्यावर १९९१ पासून देशभर बंदी आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिसं चालत नाही. पर्याय म्हणून वापरलं जाणारं पोलाद हलकं असतं, म्हणून साधारण दोन नंबर मोठा छर्रा घेतात. पोलाद कठीणही असतं. त्यामुळे आजोबांची जुनी, आवळ चोकची दुनळी हातात असेल, तर त्यात पोलादी छर्रे भरण्याआधी तज्ज्ञाला विचारणं भाग आहे.

बंदूक अंगाला बसते का?

दुकानात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. रायफलने थांबून नेम धरतात. शॉटगन मात्र खांद्याला लागताच जिथे नजर तिथे नळी असायला हवी. इथे डोळाच मागची माशी असतो. म्हणून दस्त्याची लांबी, उंची आणि बाक शरीराला जुळावे लागतात.

बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, दुकानदाराच्या परवानगीने आणि सुरक्षित दिशेला तोंड ठेवून एक सोपी चाचणी करतात. समोरच्या भिंतीवरचा एक बिंदू पाहायचा, डोळे मिटायचे, बंदूक सहज खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी सपाट दिसत असेल आणि टोकाची माशी बिंदूजवळ असेल, तर माप बरं आहे. फक्त मागचा भाग दिसत असेल तर दस्ता त्या व्यक्तीसाठी खाली आहे. पट्टी वरून रस्त्यासारखी पसरलेली दिसली तर तो उंच आहे. दस्ता काखेत अडकत असेल तर लांब आहे.

कोणता डोळा प्रबळ आहे हेही पाहावं लागतं. उजव्या हाताच्या काही लोकांचा डावा डोळा प्रबळ असतो आणि त्यांचे बार सतत एका बाजूला जातात. दोष बंदुकीला दिला जातो, कारण वेगळंच असतं.

वजनाचा हिशेबही दुहेरी आहे. दिवसभरात बार दहा-बारा, चाल मात्र कित्येक मैल. तीन किलोच्या आतबाहेरची बंदूक चालायला बरी. पण बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. हलक्या बंदुकीत जड काडतुसं भरणारा नवशिक्या लवकरच चाप ओढताना डोळे मिटायला लागतो, आणि ती सवय सुटायला वर्षं लागतात.

खिशातली एक जीवघेणी चूक

एकाच घरात १२ आणि २० बोअर अशा दोन बंदुका असतील तर हा भाग लक्षात ठेवण्यासारखा. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेलं तर ते आत सरकून नळीत अडकतं. नळी रिकामी वाटते. शिकारी वरून १२ चं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची ठेवण्याची प्रथा पडली. तरी नियम एकच : एका जाकिटात एकाच मापाची काडतुसं.

काडतुसाची लांबीही पाहावी लागते. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस कधीकधी बिनबोभाट बसतं, कारण लिहिलेली लांबी ते उडाल्यानंतरची असते. पण बार होताना उघडायला जागा नसल्याने दाब धोकादायक वाढतो. योग्य माप नळीवर कोरलेलं असतं.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून शॉटगन घ्यायला किमान वय १८ आहे. फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. राज्यांचे नियम वेगवेगळे आणि काही ठिकाणी कडक आहेत. शिकारीचा परवाना वेगळा, आणि बहुतेक राज्यांत त्याआधी सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. परवान्याचे बारकावे मोठ्यांनाही चुकतात. चेनींकडे टेक्सासचा परवाना होता, पण अपलँड पक्ष्यांसाठी लागणारा ७ डॉलरचा शिक्का घ्यायचा राहिला होता.

तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. मित्राची बंदूक 'जरा धरून बघणं'सुद्धा व्हिसाधारकाला महागात पडू शकतं, म्हणून आधी वकिलाला विचारलेलं बरं.

भारतात चित्र पूर्ण वेगळं आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे तितर, लावा, चकोर, मोर यांची शिकार हा गुन्हा आहे. बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. इथे शॉटगनचा कायदेशीर मार्ग म्हणजे मातीच्या तबकड्यांवरची ट्रॅप आणि स्कीट नेमबाजी. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्यपदक शॉटगननेच मिळवलं होतं.

मग नवशिक्याने काय करावं?

बहुतेकांसाठी उत्तर साधं निघतं : बदलता चोक असलेली, अंगाला बसणारी १२ किंवा २० बोअर. घेण्याआधी क्लबमध्ये भाड्याने किंवा उसनी घेऊन दोन-तीन प्रकारांनी तबकड्या फोडून पाहाव्यात. बंदुकीवर सगळं बजेट संपवण्याऐवजी थोडे पैसे प्रशिक्षण, काडतुसं, कानाचं संरक्षण, चष्मा आणि भगव्या-नारिंगी जाकिटासाठी राखून ठेवावेत. नारिंगी रंग सोबत्याला दुरून दिसतो. अनेक राज्यांत तो सक्तीचाही आहे.

सर्वात महत्त्वाची गोष्ट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. रांगेत चालणाऱ्या प्रत्येक शिकाऱ्याचा आपल्या समोरचा एक पट्टा ठरलेला असतो. पक्षी त्या पट्ट्याबाहेर गेला, किंवा सोबती नेमका कुठे आहे हे दिसत नसेल, तर बंदूक खाली येते आणि पक्षी जातो. टेक्सासमध्ये त्या दिवशी बंदूक उत्तम होती. चुकला होता तो हा एक नियम.