कळंबच्या किनाऱ्यावरची तीन खापरे

नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गे कळंबला गेले, की सुरूच्या बनापलीकडे समुद्रकिनारा लागतो. भरतीच्या रेषेवर शंखशिंपल्यांबरोबर फुटक्या भांड्यांचे तुकडेही पडलेले असतात. काही शाळकरी मुलांबरोबर तेथे गेलो असताना आम्ही असे तीन तुकडे निवडले: एक लाल कौलाचा, एक तपकिरी बरणीचा आणि एक निळे फूल असलेल्या कपबशीचा. ते उन्हात वाळवून प्रत्येकाच्या फुटलेल्या कडेवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. कौलाने थेंब शोषून घेतला. बाकी दोहोंवर तो तसाच राहिला. हे का, यावर चर्चा चालू असताना एका मुलीने विचारले, "हे फूल कोणी काढलं?" दुसरा म्हणाला, "कोणी नाही, कारखान्यात होतं ते."

कारखान्यात होते, म्हणजे कोणीच करत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दीडशे वर्षे मागे, मुंबईतच जावे लागेल.

मातीकाम हा यंत्रयुगातही चित्रकार-शिल्पकारांना सामावून घेणारा धंदा होता. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडने १७७५ पासून जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून नमुने करून घेतले. हाच वेजवुड भट्टीचे तापमान मोजण्याच्या खटपटीत होता. माती भाजल्यावर आकसते. ती किती आकसली यावरून उष्णता ताडणारे साधन त्याने १७८२ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. कलाकाराचा हात आणि मोजमाप करणारी बुद्धी एका छपराखाली आल्याचे हे ठळक उदाहरण.

पुढचे उदाहरण सांडपाण्याच्या नळांचे आहे. लंडनच्या लँबेथ भागात हेन्री डूल्टनने १८४६ साली भाजक्या मातीचे झिलईदार नळ बनवण्याचा कारखाना काढला. भट्टी सुमारे १२०० अंश सेल्सियसला पोचली, की तिच्यात मीठ टाकत. मिठाची वाफ होई. पाण्याच्या वाफेच्या साहाय्याने त्यातले सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून नळावर काचेचा पातळ थर बसे, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यातून बाहेर पडे. या भट्ट्यांत १८७०च्या सुमारास जवळच्या लँबेथ कलाशाळेचे विद्यार्थी काम करू लागले. जॉर्ज टिनवर्थने शिल्पे केली. हॅना बार्लोने ओल्या मातीवर टोकदार हत्याराने प्राण्यांची चित्रे कोरली. १८७१च्या लंडनच्या प्रदर्शनात ही भांडी गाजली. पुढे तेथे अनेक स्त्रिया कलाकार म्हणून काम करू लागल्या. महत्त्वाची गोष्ट अशी, की भांड्याखाली कलाकाराची आद्याक्षरेही असत.

मुंबईची भट्टी

आता मुंबई. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेत १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग शिक्षक म्हणून आले. स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी, 'पिंडर, बोर्न' यांच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली होती. (पुढे १८७७ साली डूल्टनने याच कारखान्यात भागीदारी घेतली.) मुंबईत त्यांनी वास्तुशिल्प शिकवले; क्रॉफर्ड मार्केटवरील शिल्पे हे त्यांचे काम. १८७५ मध्ये ते लाहोरला गेले.

शाळेत मातीकामाचा विभाग उभा केला तो जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी, १८७०च्या दशकात. येथे एक अडचण होती. आपल्याकडचे गावोगावचे कुंभार उत्तम घडे, रांजण आणि पणत्या घडवत. पण झिलईचे काम त्यांच्या परंपरेत नव्हते. ते सिंधमध्ये होते. म्हणून सिंधमधील कुंभारांना मुंबईला आणण्यात आले. कलाशाळेत विलायतेतून शिक्षक येत, तसे सिंधमधून कारागीर आले, आणि भट्टीपाशी तरी ज्ञान त्यांच्याकडून शाळेकडे वाहत होते.

हे ज्ञान साधे नव्हते. झिलई म्हणजे मातीवर वितळवून बसवलेली काच. थंड होताना ती मातीपेक्षा जास्त आकसली, तर तिला बारीक तडे जातात. रंग तर आणखी फसवे. कोबाल्ट निळा रंग देते. पण तांबे शिसेयुक्त झिलईत हिरवे आणि सोडा-पोटॅशयुक्त झिलईत फिरोजी दिसते. कच्च्या भांड्यावर चितारणाऱ्याला हातातला रंग दिसत असतो, भट्टीतून निघणारा नव्हे. ते रसायनशास्त्र अनुभवाने कळत होते, लिहिलेले नव्हते.

याच काळात, १८७२ ते १८८५ दरम्यान, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. तेथील आकृत्या आणि वेलबुट्टी भांड्यांवर उतरली. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. भांडी मात्र आधीच आगीतून निघालेली! टेरी यांनी पुढे 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने ही भांडी बनवली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या मुंबई घराण्याची भांडी पाहायला मिळतात. मुलांना अवश्य दाखवावीत.

पण पाहताना एक प्रश्न विचारावा. लँबेथच्या भांड्याखाली हॅना बार्लोची खूण आहे. मुंबईची भांडी बहुधा शाळेच्या, कारखान्याच्या किंवा टेरींच्या नावाने ओळखली जातात. चाक फिरवणारा, झिलई कालवणारा आणि भट्टीपाशी रात्र जागवणारा यांची नावे ओळखीतून गळाली. "कारखान्यात होतं ते" हे आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर अशा रीतीने तयार झाले आहे.

कलाकार आणि कारखाना यांचे नाते संपलेले नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात कोहलर कंपनीच्या स्वच्छतागृहांची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात १९७४ पासून कलाकार कामगारांशेजारी उभे राहून काम करतात. वसईच्या खाडीपलीकडे भाईंदरला ब्रह्मदेव राम पंडित यांची भट्टी आहे. कुंभारकामासाठी त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. कुंभाराचे नाव भांड्याबरोबर घेतले जाऊ शकते, हे मुलांना कळण्यासाठी एवढे उदाहरण पुरे.

वर्गात करून पाहा

चिकणमातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. सावलीत पूर्ण वाळल्यावर अंतर पुन्हा मोजा. जमल्यास कुंभाराच्या भट्टीत भाजून तिसऱ्यांदा मोजा. वेजवुडच्या साधनाचे तत्त्व हातात येईल.

चिकणमातीच्या घट्ट लगद्यात चिमूटभर धुण्याचा सोडा मिसळून ढवळा. पाणी न घालताही लगदा सैल झाला, तर कारखान्यात प्लास्टरच्या साच्यात ओतायची माती कशी पातळ करतात ते कळेल. सगळ्याच माती सारख्या वागत नाहीत. आपल्या गावची कशी वागते, तेही नोंदवा.

आणि ही पट्टी भाजून देणाऱ्या कुंभाराचे नाव वहीत तारखेशेजारी लिहायला सांगा.