फक्त नाव बदललं तर? नोकरीतला भेदभाव कसा मोजतात

नोकरीसाठी अर्ज पाठवला, पण मुलाखतीचा फोन आलाच नाही. मार्क कमी पडले? जागा आधीच भरली होती? की आडनाव वाचूनच अर्ज बाजूला ठेवला गेला?

एकट्या अर्जदाराला हे कधीच कळत नाही. मग अशा भेदभावाचा पुरावा गोळा करायचा कसा? भारतात यासाठी झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगामागे वऱ्हाडातले एक अर्थतज्ज्ञ होते.

आधी भेदभाव उघड दिसायचा

१९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीत परिषद झाली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तेव्हा अन्याय समोर दिसत होता. मंदिराचा दरवाजा काहींसाठी बंद होता आणि कारणही लपवलं जात नव्हतं.

पुढे राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. कायद्याने मनाई झाल्यावर भेदभाव करणारा सहसा तसं तोंडाने सांगत नाही. 'कळवतो' म्हणतो आणि कळवत नाही. त्यामुळे तो शोधण्याची पद्धतही बदलावी लागली.

प्रयोग काय होता?

अमरावती जिल्ह्यातले प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. थोरात पुढे २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

अशा ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. प्रत्येक जाहिरातीसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज तयार केले. फरक एकच होता, तो म्हणजे नाव. एक नाव उच्चजातीय हिंदू वाटेल असं, एक दलित आणि एक मुस्लिम. अर्जात जात किंवा धर्म कुठेही लिहिलेला नव्हता. मग कोणाला बोलावणं येतं, याची नोंद ठेवली.

अमेरिकेत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमध्ये असाच प्रयोग केला होता. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त फोन आले.

उत्तर काय मिळालं?

थोरात आणि अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. त्यात 'ऑड्स' हे माप वापरलं होतं. ऑड्स म्हणजे होकार आणि नकार यांचं गुणोत्तर. उच्चजातीय हिंदू नावाचे ऑड्स १ धरले, तर तेवढीच पात्रता असलेल्या दलित नावाचे ०.६७ आणि मुस्लिम नावाचे ०.३३ निघाले.

याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ एचआर मॅनेजरशी बोलून पाहिलं. 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' असा त्यांचा सूर होता. पण उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र त्यांना महत्त्वाची वाटत होती. वडील काय करतात, घरचे किती शिकलेले आहेत, हे विचारलं की पहिल्या पिढीतला पदवीधर तिथेच मागे पडतो.

या अभ्यासाच्या मर्यादा

हा प्रयोग फक्त पहिली पायरी मोजतो. मुलाखतीत काय झालं, पगार किती ठरला, हे त्यातून समजत नाही. ओळखीतून भरल्या जाणाऱ्या नोकऱ्या त्यात येत नाहीत. अमुक एका मॅनेजरने भेदभाव केला, असंही त्यावरून म्हणता येत नाही. पण हजारो अर्जांत कल एकाच दिशेला दिसला, तर त्याला योगायोग म्हणणं कठीण जातं.

सलोख्याशी याचा काय संबंध?

मे २०२३ मध्ये अकोल्यात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दोन गट भिडले आणि एकाचा जीव गेला. एक पोस्ट पूर्ण शहर कसं पेटवू शकते?

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या लावून अभ्यास केला. अलीगढ आणि कालिकत ही त्यातली एक जोडी. २००२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की व्यापारी संघटना, कामगार संघटना, पक्ष, क्लब अशा ठिकाणी हिंदू-मुस्लिम एकत्र काम करत असतील, तर अफवा वेळीच थांबते. शहरात नुसतं शेजारी राहणं पुरेसं पडत नाही.

पण एकत्र काम करायचं, तर आधी एकत्र नोकरीला लागावं लागतं. अर्ज नावावरूनच बाजूला पडले, तर ती ओळख होणार कुठे?

तुम्ही काय करू शकता?

कामावर माणूस ठेवताना किंवा खोली भाड्याने देताना हाच प्रयोग मनात करून बघा. बाकी सगळं तेच ठेवून फक्त नाव बदललं असतं, तर तुमचं उत्तर तेच राहिलं असतं का?