खाडीकांठचा शेजार

शेजारी राज्यांचे संबंध केवळ रणांगणावर ठरत नाहींत; दुसऱ्याची भाषा जाणणाऱ्या आणि जुने कागद वाचूं शकणाऱ्या माणसांच्या बोलण्यांतूनहि ते घडतात. या बोलण्याचें सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणती, हें भिवंडी तालुक्यांतील मानकोलीच्या परिसराच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

आज मुंबई-नाशिक महामार्गावरील गोदामांनीं वेढलेलें हें गांव उल्हास नदीच्या खाडीकांठच्या पट्ट्यांत आहे. येथून पश्चिमेस जाऊन खाडी ओलांडली कीं ठाणें लागतें. सतराव्या शतकांत ही खाडी दोन राज्यांची सीमा होती. ठाणें व साष्टी पोर्तुगीजांकडे. अलीकडील कल्याण-भिवंडीचा मुलूख विजापूरकरांकडे. ऑक्टोबर १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण व भिवंडी घेतली आणि वसईच्या पोर्तुगीजांना नवा शेजारी लाभला. महाराजांनीं येथें लढाऊ गलबतें बांधण्यास घेतलीं. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस याच्या हाताखालीं पोर्तुगीज माणसेंच होतीं! वसईकरांनीं तीं लवकरच वळवून परत नेलीं.

हा संशय दूर करण्याचें काम वकिलांकडे आलें. गोव्याच्या आश्रयास राहून स्वराज्यास उपद्रव देणाऱ्या देसायांमुळें नोव्हेंबर १६६७ मध्यें महाराजांनीं बारदेशावर स्वारी केली. पुढच्याच महिन्यांत तह झाला. पोर्तुगीजांची बाजू पाद्री गोंसालो मार्तिन्स आणि रामजी शेणवी कोठारी यांनीं सांभाळली. पकडलेल्या माणसांची सुटका, देसायांचा बंदोबस्त आणि परस्परांचा निर्वेध व्यापार अशीं नेमकीं कलमें ठरलीं. दोन्ही दरबारांना त्या वेळीं शांतता हवी होती. म्हणून वकिलांचें चातुर्य फळास आलें.

चौथाईच्या वादांत तसें झालें नाहीं. दमणकडील गांवांसाठीं पोर्तुगीज रामनगरच्या राजास चौथाई देत असत. १६७२ मध्यें रामनगर जिंकल्यावर महाराजांनीं त्या चौथाईवर आपला हक्क सांगितला. त्यांचे वकील पीतांबर शेणवी यांनीं गोव्यास बोलणीं केलीं. आधार जुन्या वहिवाटीचा होता. त्यामुळें पोर्तुगीजांना साफ नाकारतां येईना, आणि द्यावयाची तर इच्छा नव्हती. बोलणें लांबविणें हेंच त्यांचें धोरण ठरलें.

पुढें साष्टींतील हिंदु रयतेच्या तक्रारी वाढल्या. मानकोलीच्या परिसरांतील अंजूर गांवचे गंगाजी नाईक कोणी पंडित नव्हते. परंतु पलीकडील मुलखाची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. तीच त्यांनीं पेशव्यांच्या दरबारीं मांडली. अखेर मार्च १७३७ मध्यें चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं ठाण्याचा अपुऱ्या बांधकामाचा कोट घेतला आणि मे १७३९ मध्यें वसई पडली. शब्दांनीं न सुटलेला प्रश्न तलवारीनें सुटला. त्याची किंमत दोन्ही बाजूंच्या असंख्य माणसांनीं प्राणानें मोजली.

या संबंधांचे कितीतरी कागद गोव्याच्या दप्तरांतून पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं उजेडांत आणले. परक्या दरबाराचा कारभार येथल्याच दुभाष्यांवर आणि वकिलांवर किती अवलंबून होता, हें त्यांच्या संशोधनानें दाखवून दिलें. हीं माणसें दोन्ही बाजूंचें मन ओळखीत. परंतु विद्वान तहाचीं कलमें लिहूं शकतो. तीं पाळण्याची बुद्धि राज्यकर्त्यालाच असावी लागते.