डोक्यावर थापटणे पडते तेव्हा

तुम्हाला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, संत गोरोबाकाका कुंभारांच्या अंगणात पोचायचे आहे. वाट लांबची आहे.

पहिला मुक्काम ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बालाघाटच्या डोंगरांचा अजून पत्ता नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा येतो, पसरतो, थिजतो आणि मग हजारो वर्षे सगळे निवांत. अशाच एका निवांत काळात तळ्याकाठच्या झाडाला तुम्ही बिलगून बसला आहात. अंग मुठीत मावेल एवढे, खाणे किड्यांचे. तुमच्या जातीचे इवलेसे दात पुढे तेलंगणातल्या नस्कलला सापडतील आणि १९८८ साली शास्त्रज्ञ तुम्हाला ‘डेक्कनोलेस्टिस’ म्हणतील. आत्ता फांदी हलते आणि तुमची छाती धडधडू लागते. भूक, गारठा, धोका यांचा जमाखर्च मेंदूतले मस्तिष्कस्तंभ आणि हायपोथॅलॅमस क्षणाक्षणाला मांडत आहेत. हे अंग जगले पाहिजे, एवढीच ओढ. रात्री तहानेने जाग येते, तेव्हा आजही तुम्हाला हीच जुनी यंत्रणा उठवते.

तिथून निघता ते १२ लाख वर्षांपूर्वीच्या इसामपूरला, शेजारच्या कर्नाटकात. मांडी घालून चुनखडीच्या लादीवर घाव घालत आहात. हातकुऱ्हाडीची धार दगडात अजून उतरलेली नाही. ती फक्त तुमच्या डोक्यात आहे. ती धार उद्या मांस कापणार आहे, म्हणजे उद्याचे तुम्हीही आताच डोक्यात हजर आहात. शेजारचा तुमच्या हाताकडे टक लावून बघतो. तुम्ही दगड जरा वळवून धरता, त्याला नीट दिसावा म्हणून.

त्या काळच्या होमो इरेक्टसच्या कवटीत सुमारे ९०० घनसेंटिमीटरचा मेंदू असे. तुमचा आजचा सुमारे १३५०. हे इंद्रिय भलते खर्चिक आहे. वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा २० टक्के खाते. निसर्गाला हा खर्च का परवडला? मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचे म्हणणे असे, की टोळीत टिकायचे तर कोण रुसले, कोण फसवते, कोण मदतीला येईल हे ओळखावे लागते. दुसऱ्याच्या मनात डोकावणारा मेंदू मग त्याच मनात स्वतःलाही शोधू लागतो.

तिसरा मुक्काम तगर, म्हणजे जुने तेर; सातवाहनांचा काळ. तेरणेकाठच्या बाजारात मलमलीचे तागे गाड्यांवर चढत आहेत, भडोचच्या बंदराकडे निघालेत. ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापारावरचा ग्रंथ लिहिणाऱ्या ग्रीकाने या शहराची नोंद केली आहे. इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आरशाची मूठ असावी, असे काही अभ्यासक मानतात. असाच घासून लख्ख केलेला धातूचा आरसा कोणीतरी तुमच्यासमोर धरते. कपाळावर काळा डाग दिसतो आणि तुमचे बोट आरशाकडे न जाता थेट कपाळाकडे जाते. १९७० साली मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींची हीच परीक्षा घेतली आणि ते उत्तीर्ण झाले. माणसाचे मूल साधारण दीड-दोन वर्षांचे झाले की हे साधते. आता तुमच्यापाशी इतरांना दिसणारे ‘तुम्ही’ आहात. लाजही इथलीच, मिरवणेही इथलेच.

आणि हे तेराव्या शतकाच्या अखेरचे तेर. अंगणात संतमंडळी ओळीने बसली आहेत, त्यांत तुम्हीही. कथा तुम्हाला ठाऊक आहे: मुक्ताई गोरोबाकाकांना विचारते, यातली पक्की मडकी कोणती, कच्ची कोणती? काका थापटणे उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत येतात.

तुमच्या डोक्यावर टक्क होते. कळ आधी येते. ती झाडावरच्या त्या जिवालाही आली असती. ‘मला का मारले? सगळ्यांदेखत?’ हे तिच्या मागून येते. स्वतःची कहाणी सतत रचत राहणारा हा ‘मी’ आहे. माणूस स्वतःविषयी विचार करत रिकामा बसतो, तेव्हा मेंदूच्या मध्यभागातले एक जाळे विशेष जागे असते. २००१ साली मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल यांनी त्याचे महत्त्व मांडले. हातातल्या कामात मन बुडाले की ते जाळे मंदावते. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पायाखाली आलेले पोर गोरोबांना कळले नाही, असे परंपरा सांगते. ‘मी’ विरघळण्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे ती लपवत नाही.

ओळीत नामदेव रागावतात आणि कच्चे ठरतात. खरे तर ते आपल्यासारखेच वागले. कहाणी सांगणारा ‘मी’ सगळ्यांत उशिरा आला आणि घराचा मालक असल्यासारखा बोलू लागला, एवढेच. पण नामदेव रुसून घरी बसले नाहीत. औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. अपमान ज्याला लागला, बदलायचे ठरवले तेही त्यानेच. स्वतःची कहाणी रचणारा मेंदू ती खोडून नव्याने रचू शकतो. या लांबच्या वाटेवर आपल्या पदरात पडलेली ही सर्वांत मोठी सोय आहे.