श्रीनगर ते लेह : पाऊण तासाचे उड्डाण, दोन दिवसांची वाट

श्रीनगर आणि लेह या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २५६ किलोमीटर, म्हणजेच १३८ सागरी मैल आहे. याच दोन शहरांमधील रस्ता मात्र सुमारे ४२० किलोमीटरचा. सोनमर्ग, झोजीला, द्रास आणि कारगिल या मार्गाने जाणारे प्रवासी बहुधा कारगिलला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लेह गाठतात.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे हवाई अंतर कापण्यास जेमतेम वीस मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात या प्रवासाला साधारणपणे पाऊण ते एक तास धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि पुन्हा उतरणे यातच बराचसा वेळ जातो. शिवाय वाटेत हिमालयाच्या रांगा आहेत. ७१३५ मीटर उंचीचे नून शिखर या सरळ रेषेपासून फार दूर नाही. त्यामुळे अंतर कमी असले, तरी विमानाला पुरेशी उंची गाठावीच लागते.

श्रीनगर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १६५५ मीटर उंचीवर आहे, तर लेहचा कुशोक बकुला रिम्पोछे विमानतळ सुमारे ३२५६ मीटरवर. दुपारी ऊन तापले की तेथील विरळ हवा आणखी विरळ होते, इंजिनाची ताकद व पंखांना मिळणारी उचल घटते आणि खोऱ्यात वारेही जोर धरतात. म्हणूनच लेहची उड्डाणे प्रामुख्याने सकाळच्या वेळी ठेवली जातात. हवामान बिघडल्यास विमान रद्द होणे येथे नवलाचे नाही. पुढील प्रवासाची तिकिटे काढताना एखादा दिवस हाताशी राखलेला बरा.

या मार्गाचे महत्त्व पर्यटनापुरते नाही. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांच्यासह डाकोटा विमान लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवले. तेव्हापासून लडाखच्या संरक्षणाची भिस्त मोठ्या प्रमाणात हवाई वाहतुकीवर राहिली आहे. हिवाळ्यात झोजीला खिंड बर्फाने बंद झाली की रुग्ण, विद्यार्थी आणि व्यापारी यांनाही विमानाचाच आधार असतो. पूर्वी ही खिंड पाच-सहा महिने बंद राहत असे. अलीकडच्या वर्षांत सीमा रस्ते संघटनेने हा काळ बराच कमी केला आहे. बारमाही वाहतुकीसाठी झोजीला येथील सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे काम २०२० मध्ये सुरू झाले.

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक पर्यटक लेहला जातात. त्यांनी वेळेच्या बचतीबरोबर शरीराचाही हिशेब मांडायला हवा. लेहला समुद्रसपाटीच्या तुलनेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. रस्त्याने जाताना कारगिलच्या मुक्कामात शरीराला सवय होण्यास थोडा वाव मिळतो. विमान मात्र ही १६०० मीटरची चढण तासाभराच्या आत पार करते. म्हणून विमानाने पोहोचल्यावर पहिले एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि भरपूर पाणी प्यावे. हृदय वा श्वसनाचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास अंगावर न काढता तत्काळ रुग्णालय गाठावे. विमानाने वाचवलेला दिवस लेहमध्ये विश्रांतीसाठी खर्च करणे, हाच या प्रवासाचा खरा हिशेब आहे.